मराठी वृत्तमाध्यमे व नवे शासन : पांढुर्णा-सौसर

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवरील पांढुर्णा व सौसर ह्या मराठीबहुल तहसिलींत, नव्याने अधिकारारूढ झालेल्या शासनाविषयीचे लोकमत घडविण्यात मराठी वृत्तपत्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी ह्यांचा असलेला वाटा. ज्या शासनाची पारख करावयाची ते भोपाळचे, त्याच्या कचेऱ्यांचा कारभार हिंदीत, आणि मराठी वाचकाच्या हाती पडणारे दैनिक मात्र नागपूरचे, म्हणजे शेजारच्या राज्यातले, हे येथील वैशिष्ट्य होय. ह्याउलट श्रीलंकेतील सिंहली पत्रे आपल्याच देशाच्या शासनाला बहुसंख्याकांच्या भाषेत जाब विचारतात वा उचलून धरतात. १९०९ साली निघालेले ‘दिनमिण’ तर १९७३ पासून शासनाच्याच ताब्यातील संस्थेचे पत्र आहे. पांढुर्ण्याच्या वाचकाला आपल्या शासनाविषयी आपल्याच भाषेत वाचण्याची तशी सोय नाही.

पूर्वपीठिका : नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून हा मुलूख नागपूरशी जोडलेला असून, मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशाची राजधानीही नागपूरच असल्याने, १९५६ पर्यंत येथील मराठी माणसाचे सरकार व त्याचे वृत्तपत्र ही एकाच शहरात नांदत होती. त्या राज्यात हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषेचे स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, तेव्हा वऱ्हाड-नागपूरकडील आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले; परंतु जिल्हा हेच एकक धरले गेल्यामुळे छिंदवाडा जिल्ह्यातील सौसर तहसील, जिच्यात तेव्हा पांढुर्णेही मोडत असे, नव्या मध्य प्रदेशात राहिली. भाषेच्या तत्त्वावर झालेल्या पुनर्रचनेत भाषेचाच असा बळी जावा, ही गोष्ट अन्यायाची होती, असे प्रस्तुत नोंदकारास वाटते.

नागपूरची पत्रे : ह्या घडामोडींच्या काळात नागपूरच्या मराठी पत्रांत ‘तरुण भारत’ ह्या दैनिकाचे स्थान मोठे होते. त्याचे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर हे १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला चालना देणारा ठराव त्याच संमेलनातला. त्यामुळे नागपूरचे राजधानीपद जाऊन सत्तेचे केंद्र मुंबईस गेल्यावर ह्या पत्राचे, आणि एकंदर नागपुरी पत्रसृष्टीचे, लक्ष साहजिकच तिकडे वळले. इकडे भोपाळात रविशंकर शुक्ल ह्यांचे नवे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, दोनच महिन्यांत, ३१ डिसेंबर १९५६ रोजी, शुक्ल निवर्तले, आणि जानेवारी १९५७ च्या अखेरीस कैलासनाथ काटजू मुख्यमंत्री झाले. परंतु सौसरच्या शेतकऱ्याचा सारा व फेरफार ज्यांच्या हुकमाने चालणार होता त्या ह्या मंडळींपेक्षा मुंबईचे पुढारीच त्याच्या मराठी वाचनात अधिक आले असावेत. १५ डिसेंबर १९७१ रोजी ‘लोकमत’ हे मराठी पत्रही नागपुरात दैनिक झाले. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील पांढुर्णे आणि छिंदवाडा रस्त्यावरील सौसर ह्या दोन्ही गावांना नागपूर जवळचे आणि भोपाळ दूरचे; शिवाय संत्र्याचा नागपूरच्या कळमना बाजारातील भाव नागपूरच्याच पत्रांत पाहावयास मिळतो, आणि बागाईतदारास तो मंत्रिमंडळाच्या बातमीहून अधिक निकडीचा असतो.

तुलनेची सवय : दोन राज्यांच्या बातम्या एकाच घरात येत असल्याने नव्या शासनाची परीक्षा येथे शेजारच्या शासनाशी ताडून केली जाते. महाराष्ट्राने जून २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. छिंदवाड्याचेच पुढारी असलेले कमलनाथ १७ डिसेंबर २०१८ रोजी मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच दिवशी त्यांनी दोन लाखांपर्यंतच्या माफीच्या आदेशावर सही केली, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवणे वाचकास अवघड नव्हते. महिलांना दरमहा रक्कम देणारी ‘लाडली बहना’ योजना मध्य प्रदेशात २०२३ मध्ये एक हजार रुपयांनी सुरू होऊन त्याच वर्षी साडेबाराशेवर गेली. महाराष्ट्राची तशीच ‘लाडकी बहीण’ योजना २०२४ मध्ये दीड हजारांनी आली. १३ डिसेंबर २०२३ रोजी मध्य प्रदेशात अधिकारावर आलेल्या मोहन यादव ह्यांच्या शासनास ही तुलना चुकविता येण्यासारखी नव्हती.

गोटमार : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णे व सावरगाव ह्यांच्यात होणारी दगडफेक हा मराठी माध्यमांतील येथील सर्वांत ठळक विषय. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचाही प्रयोग करून पाहिला. जखमींची संख्या आणि पोलिसांचा बंदोबस्त ह्यांवरून नव्या अधिकाऱ्यांची योग्यता ठरविण्याची प्रथा मात्र एकांगी आहे. सिंचन, शाळा व दवाखाने ह्यांना त्या मानाने फारच थोडी जागा मिळते.

नभोवाणी : आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले; त्याची मराठी बातमीपत्रे सीमेपलीकडेही ऐकली जातात.

दूरचित्रवाणी : मराठी वृत्तवाहिन्यांचा भर मुंबईच्या राजकारणावर.

परिणाम : ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. पुढच्याच महिन्यातील विधानसभा निवडणुकीत दोन्ही मतदारसंघांनी काँग्रेसचे उमेदवार निवडून दिले, आणि २०२४ मध्ये मात्र ते ज्यात मोडतात ती छिंदवाड्याची लोकसभेची जागा भारतीय जनता पक्षाकडे गेली. ह्या पालटात वृत्तमाध्यमांचा भाग किती आणि पक्षसंघटना व स्थानिक निष्ठा ह्यांचा किती, ह्याविषयी मतैक्य नाही.