शिपायाच्या घराचे ऋण

पेशवेकालीन कागदपत्रांत 'बालपरवेशी' हा शब्द ज्यांच्या नजरेखालून गेला असेल, त्यांना त्यातील मर्म उकलून सांगण्याची गरज नाही. लढाईत माणूस कामी आला म्हणजे त्याच्यामागे राहिलेल्या मुलामाणसांच्या पोषणासाठी सरकारातून जी नेमणूक होई, तिचे हे नाव. शिपायाचे घर हे राज्याच्या शिरावरचे ऋण आहे, ही कल्पना त्या एका शब्दात सामावलेली आहे. परंतु ऋण मान्य करणे सोपे. ते कोणाला, किती, केव्हा आणि कोणत्या पुराव्यावर फेडावयाचे हे ठरविणे कठीण. फेड अवेळी आणि भलत्याच दाराने झाली, तर तिजोरी रिकामी होते आणि ज्याचे देणे लागतो त्याच्या पदरात थोडेच पडते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी आज जे उदाहरण घेणार आहे, ते आपल्या देशातले नाही. ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यादवी युद्धानंतरच्या पेन्शनांचे आहे. ते निवडण्याचे कारण एवढेच, की हा प्रयोग फार मोठा होता, फार वर्षे चालला, आणि त्यातील प्रत्येक डॉलर कोणाला व का दिला हे कागदोपत्री लिहून ठेवलेले आहे.

१८६१ ते १८६५ या काळात उत्तरेची आणि दक्षिणेची संस्थाने गुलामगिरीच्या प्रश्नावरून एकमेकांशी लढली. एकट्या उत्तरेकडील सुमारे साडेतीन लाख माणसे त्यात मेली. त्यांतील बहुसंख्य गोळीने नव्हे, तर हगवण, विषमज्वर यांसारख्या छावणीतल्या रोगांनी. उत्तरेच्या साध्या शिपायाला दरमहा १३ डॉलर पगार असे, आणि तोही महिनोन्‌महिने थके. मागे घरी शेत, दोनचार मुले आणि एकटी बाई. मॅसॅच्युसेट्ससारख्या संस्थानाने १८६१ मध्येच कायदा करून स्वयंसैनिकांच्या कुटुंबांना गावोगावच्या पंचांकरवी साप्ताहिक मदत देण्याची व्यवस्था केली. पण अशी तत्परता सर्वत्र नव्हती. काळ्या शिपायांच्या घरची स्थिती तर याहून वाईट. त्यांचा पगार १० डॉलर ठरविण्यात आला आणि त्यातून कपड्यांचे ३ डॉलर कापून घेण्यात येत. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा अपमानाचा पगार घेण्यास साफ नकार दिला आणि ते शिपाई सुमारे दीड वर्ष बिनपगारी लढले. १८६४ मध्ये काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला खरा. परंतु त्या दीड वर्षाची किंमत घरी बसलेल्या बायकामुलांनी मोजली होती, आणि ती कोणत्याही खातेवहीत जमा नाही.

१४ जुलै १८६२ चा कायदा हा या पेन्शनांचा पाया. पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला दरमहा ८ डॉलर, वरच्या अधिकाऱ्याला ३० पर्यंत. आणि शिपाई मेला तर त्याच्या विधवेला तितकीच रक्कम. विधवा नसेल तर सोळा वर्षांखालील मुलांना, तीही नसतील तर त्याच्या कमाईवर जगणाऱ्या आईला, आणि काही परिस्थितीत पोरक्या बहिणींनासुद्धा. १८६६ पासून विधवेला दर मुलामागे आणखी २ डॉलर मिळू लागले. त्या काळच्या युरोपात साध्या शिपायाच्या आईबहिणींची अशी दखल घेणारा कायदा शोधावा लागेल. मार्च १८६५ मध्ये दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना लिंकनने शिपायाच्या विधवेचा आणि अनाथ मुलांचा मुद्दाम उल्लेख केला, तो काही केवळ वक्तृत्वाचा भाग नव्हता. कायदा अगोदरच झाला होता.

मग अडले कोठे? अडले पुराव्यापाशी. मृत्यू लष्करी सेवेमुळेच आला हे विधवेने सिद्ध केले पाहिजे, अशी अट होती. नवरा रणांगणावर गोळी लागून पडला असेल तर प्रश्न मिटला. पण तो छावणीतून जुलाबाचा विकार घेऊन घरी आला, दोन वर्षे झिजला आणि आपल्या खाटेवर मेला, तर? मग पलटणीतल्या सोबत्यांचे प्रतिज्ञालेख आणा, डॉक्टरचा दाखला आणा. डॉक्टर तोवर मेलेला, सोबती पश्चिमेकडे पांगलेले. शिवाय लग्नाचा दाखला, मुलांच्या जन्माबद्दल सुईणीची साक्ष, शेजाऱ्यांच्या साक्षी. लिहितावाचता न येणाऱ्या बाईला हे साधावयाचे म्हणजे दलाल वकील गाठणे आले.

ज्या स्त्रिया कालपर्यंत गुलाम होत्या त्यांच्यापुढे तर आणखीच विचित्र पेच होता. गुलामांचे लग्न कायद्याला मान्यच नव्हते. तेव्हा दाखला आणावयाचा कोठून? १८६४ च्या कायद्याने तेवढी सूट दिली, की दोघे नवराबायको म्हणून एकत्र राहत होते हे साक्षीदारांनी सांगितले तरी चालेल. पण शिपायाने भरतीच्या वेळी मालकाचे आडनाव सांगितलेले असे आणि स्वातंत्र्यानंतर दुसरेच घेतलेले असे. मग हा तोच माणूस काय, हे शोधण्यात वर्षे जात. हॅरिएट टबमन या बाईने कितीतरी गुलामांना स्वतः जाऊन सोडवून आणले आणि युद्धात परिचारिका म्हणून व टेहळणीसाठी काम केले. तिचा शिपाई नवरा नेल्सन डेव्हिस १८८८ मध्ये वारला. तिला विधवा म्हणून दरमहा ८ डॉलर मंजूर झाले ते १८९५ मध्ये. तिच्या स्वतःच्या युद्धसेवेची दखल घेऊन ती रक्कम २० करण्यास १८९९ उजाडावे लागले. एवढ्या प्रसिद्ध बाईची ही कथा. मग अप्रसिद्धांचे काय झाले असेल याची कल्पना करावी.

पुराव्याच्या मागोमाग पाळत आली. पुनर्विवाह केला की पेन्शन बंद, हा नियम मुळातच होता. काही स्त्रिया पेन्शन जाऊ नये म्हणून लग्न न करताच पुरुषाबरोबर राहतात, अशी ओरड झाली आणि १८८२ मध्ये कायदा झाला, की विधवा उघडपणे परपुरुषाशी संबंध ठेवून राहत असेल तर तिचे पेन्शन थांबेल. ते ठरविणार कोण? पेन्शन कचेरीचा तपासनीस गावात येई, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारी. आळीतल्या कुचाळीला अशा रीतीने सरकारी पुराव्याचा दर्जा मिळाला. आज ती सगळी बाडे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दफ्तरात आहेत आणि सामान्य स्त्रियांच्या जीवनाचा इतिहास लिहिणाऱ्यांना ती सोन्याची खाण वाटतात. आपणा इतिहासप्रेमी मंडळींना तसे वाटणे साहजिक आहे. ज्यांच्या घरी तो तपासनीस बसून गेला, त्यांना काय वाटले असेल हे वेगळे.

येथवर खर्च आटोक्यात होता. १८७८ मध्ये तो दोन कोटी सत्तर लाख डॉलरांच्या आसपास होता. पुढच्या वर्षी थकबाकीचा कायदा झाला: आता नवा अर्ज मंजूर झाला तरी पेन्शन शिपायाच्या सुटकेच्या किंवा मृत्यूच्या दिवसापासून मोजून एकरकमी मिळणार. एकेका अर्जामागे शेकडो, कधी हजारांवर डॉलर. अर्थात अर्जांचा पूर लोटला आणि दोन वर्षांत खर्च दुप्पट झाला. या कायद्यासाठी सर्वांत मोठा गलबला कोणी केला? जॉर्ज लेमन नावाच्या गृहस्थाने. तो पेन्शनचे दावे चालविणारा वॉशिंग्टनमधला बडा दलाल होता आणि त्यानेच माजी सैनिकांसाठी एक वृत्तपत्रही काढले होते. अधिक सांगण्याची गरज नाही.

माजी सैनिकांची 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' ही संघटना १८९० च्या सुमारास चार लाखांवर सभासदांची झाली. इतकी एकगठ्ठा मते कोणता पक्ष सोडील? अध्यक्ष क्लीव्हलंडने खाजगी पेन्शनांची दोनशेच्या वर विधेयके नामंजूर केली, त्यांतील पुष्कळ खरोखरच हास्यास्पद होती; १८८७ मध्ये त्याने सरसकट पेन्शनचे विधेयकही परत पाठविले. (या गृहस्थाने युद्धात स्वतःऐवजी पैसे देऊन बदली माणूस पाठविला होता, हे त्याचे विरोधक विसरू देत नसत.) १८८८ मध्ये तो हरला. नव्या अध्यक्षाने, हॅरिसनने, युद्धात दोन्ही पाय गमावलेल्या जेम्स टॅनरला पेन्शन कमिशनर नेमले. तो इतक्या सढळ हाताने वाटू लागला, की काही महिन्यांतच त्याला जावे लागले. आणि २७ जून १८९० रोजी तो कायदा झाला: नव्वद दिवस नोकरी केलेल्या कोणालाही, अपंगत्व कोणत्याही कारणाने आलेले असो, पेन्शन. १८९३ मध्ये पेन्शनर ९ लाख ६६ हजार झाले, खर्च पंधरा कोटी डॉलरांवर गेला, आणि मध्यवर्ती सरकारच्या एकूण खर्चाचा पाचात दोन हिस्सा एवढा हा एकच विभाग खाऊ लागला.

१८९० च्या या कायद्याला इतिहासकारांनी उधळपट्टीचा नमुना म्हणून पुष्कळ झोडपले आहे. मला ते अर्धेच पटते. त्याच कायद्यात विधवेसाठी एक कलम होते: नवरा कशाने मेला हे आता सिद्ध करावयास नको, लग्न कायद्यापूर्वीचे असावे आणि तिला रोजच्या मेहनतीखेरीज दुसरा आधार नसावा, एवढे पुरे, दरमहा ८ डॉलर मिळतील. पंचवीस वर्षे प्रतिज्ञालेख गोळा करीत बसलेल्या बाईच्या दृष्टीने पाहा. तिच्यापाशी आता फक्त गरिबीचा पुरावा मागितला जात होता, आणि तो तिच्या अंगावरच होता. पण हे घडले केव्हा? १८६५ मध्ये कडेवर मूल असलेली बाई १८९० मध्ये पन्नाशीला आली होती. मूल मोठे होऊन कामाला लागले होते, किंवा अनाथालयात वाढले होते, किंवा गेले होते. जो पैसा तेव्हा निम्म्याने पुरला असता, तो आता दुपटीने खर्च होत होता. आणि त्यातलाही मोठा वाटा विधवांकडे नव्हे, तर हयात, मतदार पुरुषांकडे जात होता.

हा पैसा आला कोठून हेही पाहिले पाहिजे. तो मुख्यतः आयात मालावरील जकातीतून आला. कारखानदारांना परदेशी माल रोखण्यासाठी जकात चढी हवी होती. जकात चढी म्हणून तिजोरीत शिल्लक फार. आणि शिल्लक दिसली की जकात कमी करा असे लोक म्हणणार. पेन्शने वाढविली की शिल्लकही राहत नाही आणि देशभक्तीही होते! ही जकात दक्षिणेतला शेतकरी कापड आणि अवजारे घेताना भरत होता. त्याच्या बाजूच्या शिपायांना मध्यवर्ती तिजोरीतून काहीच नव्हते. दक्षिणेच्या संस्थानांनी पुढे आपापल्या तुटपुंज्या उत्पन्नातून जे दिले तेवढेच.

लाभाची बाजू मोजणे अधिक नाजूक आहे. अलीकडच्या अर्थशास्त्रज्ञांनी याच बाडांवरून काढलेल्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, पेन्शन मिळालेल्या विधवांनी दुसरे लग्न उशिरा केले. कोणी याला नुकसान म्हणेल. मी म्हणेन, की महिना आठ डॉलरांनी त्या बाईला पहिल्याच मागणीला नाही म्हणण्याची सोय करून दिली. दुसरी, पेन्शनर म्हातारे लवकर काम थांबवू शकले आणि मुलांच्या घरी आश्रितासारखे राहण्याऐवजी आपल्या घरी राहिले. १९१० च्या सुमारास तेथील पासष्टीपुढच्या पुरुषांपैकी चौथा हिस्सा तरी हे पेन्शन घेत होता. परंतु थीडा स्कॉचपोल या विदुषीने १९९२ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, याच पेन्शनांच्या बदनामीमुळे सुधारक मंडळी सर्व वृद्धांना पेन्शन देण्याच्या कल्पनेलाच बिचकू लागली. इंग्लंडने वृद्धांना १९०८ मध्ये पेन्शन दिले. अमेरिकेला १९३५ उजाडावे लागले. त्या सत्तावीस वर्षांत जे कारागीर आणि मोलकरणी आधाराविना म्हातारे झाले, तेही या हिशेबाच्या खर्चाच्या बाजूला लिहिले पाहिजेत.

आणि खर्च किती काळ चालावा? वृद्ध शिपायांनी तरुण स्त्रियांशी लग्ने केली, त्यांना मुले झाली. शिपायाची अखेरची पेन्शनर मुलगी ३१ मे २०२० रोजी वारली, युद्ध संपल्यानंतर एकशे पंचावन्न वर्षांनी. तिला दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत. तिचा बाप प्रथम दक्षिणेच्या फौजेत होता. तेथून पळून तो उत्तरेला मिळाला होता.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा हा सारा अनुभव राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे होता. ६ ऑक्टोबरचा नवा कायदा तयार करण्यात न्यायमूर्ती ज्युलियन मॅक यांचा हात मोठा होता. शिपायाच्या तीस डॉलर पगारातून बायकोसाठी १५ डॉलर सक्तीने घरी जावेत, त्यात सरकारने आपले १५ घालावेत, मुले असतील तर आणखी, आणि हे युद्ध चालू असतानाच, महिन्याच्या महिन्याला. शिवाय शिपायाला दहा हजार डॉलरांपर्यंत आयुष्याचा विमा स्वस्तात उतरविता यावा. पुढच्या पेन्शनांची मागणीच उद्भवू नये हा हेतू होता, आणि तो काही पुरता साधला नाही. पहिल्या हिवाळ्यात तर अर्जांचे ढीग इतके साचले, की घरोघरच्या बायका टपालाची वाट पाहत बसल्या आणि कचेरीत कारकुनांच्या फौजा वाढवाव्या लागल्या. तरी ते चेक निघाले ते शिपाई खंदकात असताना निघाले, आणि ज्या मुलांच्या नावाचे होते ती अजून लहान होती.