धुऱ्यावरचा धूर

आमच्या वऱ्हाडात शेताच्या बांधाला 'धुरा' म्हणतात. पेरणीआधी उन्हाळ्यात धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटवून देतात. वाशिमकडच्या आमच्या गावात वैशाखातल्या संध्याकाळी आभाळ मळकट व्हायचं. कुठे धुरा पेटलेला, कुठे पऱ्हाटी, तर कुठे दूर जंगलात वणवा. अशा दिवसांत आजी ओसरीवर बसून राहायची, दम लागलेली. आम्ही म्हणायचो, ऋतू बदलतोय. धुराचं नाव कोणी घेतलं नाही. मी तरी कसं घेणार? आमच्या धुऱ्याला काडी लावणारा मीच!

सप्टेंबर २०२० मध्ये चुलतभावाचा कॅलिफोर्नियातून फोन आला. वणव्यांच्या धुरामुळे सॅन फ्रान्सिस्कोचं आभाळ भरदिवसा नारिंगी झालं होतं. "खिडक्या बंद करून एक्यूआय बघत बसलोय," तो म्हणाला. मला एकदम आजी आठवली.

मग जरा मागे जाऊन शोधलं. आगीचा कायदा आपल्याकडे जुना आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. पण तिथे काळजी जंगलाची, लाकडाची. १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याची नजर मुख्यतः कारखान्यांच्या धुराड्यांवर. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या मदतीने वणव्याची सूचना देऊ लागली. ती मुख्यतः वनखात्यासाठी, आग विझवायला.

श्वासाचं काय? पीएम २.५ हे धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल उतरतात. त्यांची मर्यादा आपल्याकडे २००९ साली ठरली: २४ तासांची सरासरी, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. आणि 'चांगली' ते 'गंभीर' अशा सहा पायऱ्यांचा हवेचा निर्देशांक एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला, तोही आधी दहा शहरांत.

म्हणजे बघा, आग लागल्याची वर्दी आधी आली, धुराची खूप नंतर. आजी तोवर गेली होती.

गेल्या उन्हाळ्यात काकांना म्हटलं, यंदा धुरा कापून घेऊ. ते म्हणाले, "मजुरी तू देशील का?" प्रश्न बरोबरच होता. दिली. एका धुऱ्याने आभाळ काही निवळत नाही, हे मलाही कळतं. पण काकांनाही आता दम लागतो...

असो.