जुनी बुलेट आणि चेनकेसची साक्ष

सुयांच्या धंद्याबद्दल पूर्वापार ख्यातनाम असलेल्या इंग्लंडातील रेडिच गावी घडलेली बुलेट मोटरसायकल 1949 नंतर हिंदुस्थानात आली, सरहद्दीवरील गस्तीसाठी आपल्या लष्कराने तिची निवड केली, आणि 1955 मध्ये रेडिचच्या कंपनीची मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन एन्फील्ड इंडिया स्थापन झाल्यावर मद्रासनजीक तिरुवोट्टियूर येथे तिच्या निर्मितीचा पाया घातला गेला. पुढे 1967 मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला, 1970 च्या सुमारास इंग्लंडातील उत्पादनही थांबले. परंतु तिरुवोट्टियूरला तीच रचना किरकोळ फेरफारांनिशी कित्येक दशके चालू राहिली. लष्कराच्या लिलावातून सुटलेली किंवा एखाद्या हौशी जमीनदाराच्या गोठ्यात पडून राहिलेली गाडी एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात असे, सुटे भाग पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तेच असल्यामुळे पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारात ते मिळतही असत, आणि त्यामुळे जुनी बुलेट पारखणे ही मिस्त्रीलोकांची एक स्वतंत्र विद्या बनली.

ह्या विद्येचे मूळ त्या यंत्राच्या घडणीत होते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांस बोल्टांनी जखडलेले असले, तरी एका वाड्यात राहणाऱ्या तीन भावांनी चुली वेगळ्या मांडाव्यात तशी तिघांच्या वंगणाची व्यवस्था निराळी होती: इंजिनाचे तेल त्याच्याच कवचातील टाकीत, गिअरबॉक्सचे वंगण त्याच्या पेटीत, आणि डाव्या अंगाच्या चेनकेसमध्ये, जिथे इंजिनाची गती दुपदरी साखळीवाटे क्लचकडे जाते, तिथे अर्ध्या लिटरहूनही कमी असे स्वतंत्र तेल. क्लचच्या प्लेटी ह्याच तेलात बुडून फिरत. तेव्हा साखळीला जे मानवेल ते क्लचलाही मानवले पाहिजे, अशी ती अवघड तडजोड होती.

नव्या मालकाची तक्रार बहुधा दोहोंपैकी एक असे. क्लच सुटत नाही, म्हणजे लिव्हर दाबूनही गाडी पुढे रेटते, गिअर टाकताना खणकन आवाज होतो व थांबल्यावर न्यूट्रल लागत नाही. किंवा क्लच घसरतो, म्हणजे घाटात इंजिन गर्जना करते पण चाक ओढ घेत नाही. अननुभवी मनुष्य ताबडतोब नव्या प्लेटींचा खर्च मांडतो. मुरलेला मिस्त्री मात्र प्रथम केबल पाहतो, कारण लिव्हरला मुळीच ढिलाई नसेल तर प्लेटी पुरत्या मिटत नाहीत व घसरतात, आणि ढिलाई फाजील असेल तर त्या पुरत्या उघडत नाहीत. दीर्घकाळ उभ्या गाडीच्या प्लेटी एकमेकींस चिकटतात, म्हणून इंजिन चालू करण्यापूर्वी क्लच दाबून दोनचार किका मारण्याचा परिपाठ जुन्या स्वारांत रूढ होता. केबल निर्दोष ठरल्यावर मग तेल, त्यानंतर स्प्रिंगा व प्लेटी, आणि सर्वांत शेवटी क्लचच्या डब्याच्या खाचांत प्लेटींच्या दातांनी पाडलेले घट्टे: स्वस्ताकडून महागाकडे जाणारा हा तपासाचा क्रम.

ह्यात तेलाची जबानी सर्वांत मोलाची. चेनकेसमधील तेलाची पातळी न घालता वाढली असेल आणि त्याला इंजिनाच्या जळक्या तेलाचा वास असेल, तर क्रँकशाफ्टचे सील फाटून इंजिनाचे तेल इकडे येते, असे समजावे. क्लचच्या घसरण्याचे कारण मग क्लचबाहेरच असते. पातळी घटली आणि गाडीखाली डाग पडला, तर झाकणाच्या रबरी सीलकडे वळावे. ते झाकण एकाच मध्यवर्ती नटाने धरलेले असल्यामुळे गळती थांबवण्याच्या भरात नट बेसुमार आवळला की झाकण वाकते व गळती वाढते. दुधाळ रंग पाण्याची वर्दी देतो. चकाकणारा कीस लोहचुंबकाला चिकटला तर पोलादाची झीज, न चिकटला तर सैल साखळी ॲल्युमिनियमच्या कवचावर घासते आहे, असा निष्कर्ष निघतो. मोटारगाड्यांची घर्षण घटवणारी नवी तेले ह्या चेनकेसमध्ये ओतल्यास निर्दोष क्लचही घसरू लागतो. ओल्या क्लचच्या दुचाक्यांसाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानने जासो हे वेगळे मानक ठरविले, ते ह्याच विरोधामुळे.

2008 पासून आलेल्या नव्या एकसंध इंजिनाने तिन्ही विभाग एकाच तेलाखाली आणले. देखभाल सोपी झाली, गळतीची ठिकाणे घटली, आणि ह्या सुधारणेबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. तथापि एकत्र तेलात सापडलेला कीस गिअरचा, साखळीचा की इंजिनाचा, हे जुन्या गाडीइतक्या सहजपणे सांगता येत नाही. जुन्या बुलेटची वेगळी तेले सांभाळणे जिकिरीचे होते खरे. पण दोष कोणाचा हे ठरविताना तोच वेगळेपणा मिस्त्रीच्या कामी येई. म्हणून आजही जुन्या घडणीची बुलेट विकत घेणाऱ्याने पूर्वीच्या मालकाच्या ग्वाहीवर विसंबण्याआधी चेनकेसचे तेल स्वच्छ भांड्यात उतरवून पाहावे. झाकलेला इतिहास त्यात पुष्कळसा उघड होतो, आणि सौद्याची रक्कम त्यानंतर ठरवणे शहाणपणाचे.