सहकारी तळघर

दक्षिण फ्रान्सच्या स्वस्त तांबड्या वाइनच्या बाटलीवर पुष्कळदां कोणा सरदाराच्या गढीचें चित्र नसतें. असतें तें एखाद्या गांवच्या सहकारी तळघराचें नांव. रसिक मंडळी अशा बाटलीस नाक मुरडतात. आम्हांस तिच्या चवीहून तिचा इतिहास अधिक मोलाचा वाटतो. आणि मांजरा किंवा भाऊराव चव्हाण कारखान्यास ऊस घालणाऱ्या लातूर-नांदेडकडील वाचकास तो परका वाटण्याचें कारण नाहीं.

१८६३ च्या सुमारास फिलॉक्सेरा नांवाचा, मुळांचा रस शोषणारा बारीक किडा अमेरिकेंतून येऊन फ्रान्सच्या द्राक्षवेलींस लागला. १८७५ सालीं त्या देशांत आठ कोटि हेक्टोलिटरांहून अधिक वाइन निघाली होती. १८८९ सालीं ती अडीच कोटींच्याही आंत आली. अखेर अमेरिकन मुळावर फ्रेंच वेलीचें कलम बांधून बागा वांचल्या, पण तोंवर बाजार नासला होता. मनुका भिजवून किंवा साखरपाणी आंबवून केलेला माल वाइन म्हणून खपत होता, अल्जीरियाची वाइन येत होती, आणि त्यांतच नव्या बागा भरभरून पिकूं लागल्या. भाव कोसळले. ज्याच्याजवळ स्वतःचीं पिंपें नाहींत त्या लहान बागाइतदारास व्यापारी देईल ती किंमत घेणें भाग होतें. तोडलेलीं द्राक्षें थांबत नाहींत. तोडलेला ऊसही थांबत नाहीं, हें आमच्याकडे कोणास सांगावयास नको.

१९०१ सालीं एरो प्रांतांतील मारोसां गांवच्या बागाइतदारांनीं संस्था काढून माल एकत्र केला, आणि मधल्या व्यापाऱ्यास वगळून तो पॅरिसच्या ग्राहक-सहकारी संस्थांस विकला. एका टोकास पिकविणाऱ्यांची संस्था, दुसऱ्या टोकास पिणाऱ्यांची! स्वस्ताईचें मूळ येथें आहे. १९०५ सालीं समाजवादी पुढारी जाँ जोरेस हे मुद्दाम तें गांव पाहून आले.

तरी भेसळ चालूच होती. १९०७ सालीं आर्जेलिये गांवच्या मार्सेलँ आल्बेर याच्या मागें सारा दक्षिण मुलूख उठला. ९ जूनला मोंपेल्ये येथें पांच लाखांवर माणसें जमलीं असें सांगतात. क्लेमांसोच्या सरकारनें सैन्य धाडलें; नार्बोन येथें गोळीबारांत माणसें मेलीं; आणि सतराव्या पलटणीच्या शिपायांनीं, जे बहुतेक त्याच मुलखांतले होते, बंड केलें. महिनाअखेर भेसळीविरुद्ध कायदा झाला. पुढें दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशीं तळघरें शेंकड्यांनीं निघालीं.

ही वाइन मिश्र कां असते, हेंही यावरून उलगडतें. कोणी ग्रनाश आणतो, कोणी कारिन्याँ, कोणी सँसो किंवा सिरा. ग्रनाशचा कस, कारिन्याँचा रंग व आंबटपणा, सिराचा वास, सर्व एकत्र येतें. द्राक्षांचा मोबदला पुष्कळ ठिकाणीं वजन व साखरेचे अंश यांच्या गुणाकारानें ठरे. आमच्याकडे उसाचें वजन प्रत्येकाचें वेगळें होतें, पण उतारा साऱ्या कारखान्याचा सरासरीनें धरतात. गोड उसाच्या मालकास त्याचें वेगळें फळ नाहीं. फ्रेंच रीत आम्हांस अधिक न्यायाची वाटते. पण तिच्यांतही खोट होती. साखर मोजली, चव मोजली नाहीं. म्हणून पुष्कळांनीं पीक वाढविण्याकडेच लक्ष दिलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रेंच माणूस साधी वाइन कमी पिऊं लागला, तेव्हां कित्येक तळघरें एकमेकांत विलीन झालीं, व सरकारी अनुदान घेऊन बागा उपटल्या गेल्या.

महाराष्ट्रांत १९५०-५१ च्या हंगामापासून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना चालूं झाला. दूध, सूत यांनींही तीच वाट धरली. वाइन मात्र मुख्यतः खाजगी कंपन्यांकडे राहिली. मद्याचा संकोच हें कारण कोणी सांगेल. पण मळीपासून मद्यार्क काढतांना सहकारी कारखान्यांस तो कधीं आड आला नाहीं! २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें, आणि करारावर भरंवसून कित्येक बागाइतदारांनीं वाइनच्या जातींच्या वेली लावल्या. २००९ च्या सुमारास मागणी घसरली व कारखान्यांनीं माल घेण्याचें नाकारलें. हीं द्राक्षें बारीक व बियांचीं, खाण्याच्या बाजारांत त्यांस कोण विचारतो? आणि आंबवून ठेवावयास गांवाचें स्वतःचें तळघर नव्हतें. पुष्कळांनीं वेली उपटून टाकल्या.