विक्रांतच्या हजेरीपटावर तुमचं नाव

सप्टेंबर १९६५. मुलुंडहून सकाळची लोकल पकडून तुम्ही बोरीबंदरला उतरता, चालत गोदीच्या दारापाशी येता, हजेरीचा बिल्ला घेता आणि तासाभरात एका जहाजाच्या पोटाखाली उभे असता. सुक्या गोदीतलं पाणी उपसलंय. लाकडी ओंडक्यांच्या रांगांवर २१३ मीटर लांबीचं पोलाद टेकलंय आणि तुम्ही त्याच्या सावलीत आहात. जहाज पाण्यात असताना जो भाग कुणाच्याही नजरेला पडत नाही, तो इथे हाताच्या अंतरावर आहे. शेवाळ, शिंपल्यांचे थर आणि त्यांच्याखाली गंजाचे फोड.

तुमच्या हातात धारदार तोंडाचा छोटा हातोडा देतात. त्याला इथे सगळे चिपिंग हॅमरच म्हणतात. फोडावर ठोका मारायचा, पापुद्रा उडवायचा, तारेच्या ब्रशने घासायचं आणि उघडं पोलाद चमकलं की लगेच प्रायमर लावायचा. दुपारच्या सुट्टीनंतर बघू म्हणालात, तर खाऱ्या हवेत तेच पोलाद पुन्हा लालसर झालेलं असतं. मग सगळं पहिल्यापासून.

युद्ध चालू आहे. चार्जमन तुमच्या पाठीशी येऊन उभा राहतो.

“काय रे, पाकिस्तान म्हणतोय विक्रांत बुडवली. मग तू रंग कुणाला काढतोयस?”

आजूबाजूचे हातोडे क्षणभर थांबतात, सगळे हसतात आणि पुन्हा ठोकाठोक सुरू होते. ती बातमी खोटी आहे हे देशात सर्वांत आधी ज्यांना कळलं त्यांच्यात तुम्ही आहात, कारण बुडवलेल्या विक्रांतचा गंज तुमच्या नखांत आहे.

जहाजांबरोबरच्या या काळप्रवासाला अट एकच. कुठल्याही थांब्यावर तुम्हाला मंचावर खुर्ची मिळणार नाही. प्रत्येक वेळी हाताला काम मिळेल.

चहाच्या वेळी एक जुना फिटर विमानवाहू विक्रांतची कुळकथा सांगतो. १९४३ साली इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या कारखान्यात तिची बांधणी सुरू झाली, नाव होतं हर्क्युलिस. सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, तोवर महायुद्ध संपलं होतं. काम थांबलं आणि अर्धवट जहाज वर्षानुवर्षं पडून राहिलं. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टमध्ये पुरी करून घेतली. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली आणि ३ नोव्हेंबरला मुंबईत आली, तेव्हा स्वागताला पंडित नेहरू होते. “गर्दी काय होती त्या दिवशी!” फिटर म्हणतो. “दुसऱ्या दिवशी गर्दी गेली, आम्ही आलो.”

जून १९७०. आता तुम्ही बॉयलर रूममध्ये आहात. बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमजवळ वाकून कुणीतरी दिवा धरलाय, तुम्ही चिंधीने काजळी पुसताय. पुसलेल्या जागी केसासारखी रेघ दिसते. तिच्या शेजारी आणखी एक. धातू थकून पडलेले हे तडे आहेत आणि ते वेल्डिंगने भरून निघणारे नाहीत. नवे ड्रम देशात मिळत नाहीत, ते ब्रिटनहून मागवायला लागणार. तोवर बॉयलर पेटवायचे नाहीत असा हुकूम येतो. मग कित्येक महिने विक्रांत धक्क्याला बांधून आहे. विमानं उडवणारं जहाज, पण वाफच नाही.

१ मार्च १९७१ ला बॉयलर पुन्हा पेटतात, कमी दाबावर. नवे ड्रम आलेले नाहीत, तेच जुने आहेत. दाब ४०० पौंडांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही असं ठरतं आणि त्यामुळे वेग १४ नॉटवर येतो. तुम्ही दाबाच्या काट्यावर नजर ठेवून उभे आहात. वरच्या डेकवरच्या वैमानिकाला या काट्याशी काय देणंघेणं, असं वाटेल. पण धावपट्टी जेमतेम असते, विमान उचललं जातं ते कॅटापुल्टच्या धक्क्यावर आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर. कॅटापुल्ट चालतो वाफेवर. वारा पडलेला असेल तर जहाजाने स्वतः पळून तो निर्माण करायचा असतो. जहाज हळू, तर वारा कमी. म्हणून त्या वर्षी प्रश्न होता, ही नौका युद्धात न्यायची की नाही.

नेली. डिसेंबरात तुम्ही घाटकोपरच्या चाळीत आहात, खिडक्यांच्या काचांना काळा कागद, सायरन वाजला की दिवे बंद. मुंबईकरांच्या डोक्यात कराची आहे. विक्रांत मात्र दुसऱ्या किनाऱ्यावर, बंगालच्या उपसागरात आहे. ४ डिसेंबरपासून तिची सी हॉक विमानं कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले करतायत. तिलाच शोधत पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमपर्यंत आली होती. व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांत तिथेच असल्याचा आभास उभा केला होता आणि खरी विक्रांत अंदमानच्या आडोशाला होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी त्या बंदराच्या तोंडाशी बुडाली. नेमकी कशाने, यावर दोन्ही देशांचं अजून एकमत नाही. तुमच्यापुरतं एवढंच की त्या आजारी बॉयलरांनी दगा दिला नाही. सकाळी तुम्ही काचेवरचा कागद न काढता कामावर निघता.

पुढचा थांबा एकदम तीस वर्षांनी. ३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त झाली आहे आणि २००१ पासून तिच्यावर संग्रहालय आहे. आता तुम्ही कांजूरमार्गच्या नौदल नागरी वसाहतीत राहता. जिन्यात भेटणारे निम्मे लोक डॉकयार्डातून निवृत्त झालेले. पाइपफिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, रंगारी. सकाळी दूध आणायला जाताना गुडघ्यांवर बोलतात आणि गुडघ्यांवरून बोलणं हमखास जहाजांवर जातं.

आज तुम्ही बोरिवलीहून आलेल्या शाळेच्या मुलांना हँगरमधून फिरवताय. मुलं विमानांना हात लावतात, उभ्या शिड्यांवरून उतरताना डोकं आपटतात, वर येऊन डेकवर धावतात. बाई ओरडतात, “कडेला जाऊ नका!” सगळं छान चाललंय. पण मुलं गेल्यावर तुम्ही खाली उतरता. कामावर असताना या नौकेवर हजाराहून जास्त माणसं राहत होती. त्यांतला प्रत्येक जण रोज काही ना काही घासत, पुसत, रंगवत होता. कुणाला जहाजाचा उमाळा आला म्हणून नव्हे, ड्यूटी होती म्हणून. आता ती माणसं नाहीत आणि समुद्र मात्र पूर्वीइतकाच खारा आहे. एका कप्प्यात पाणी साचलंय. एका पाइपला बोट लावलं तर पापुद्रा गळून पडतो आणि खालचा पत्रा वाटला त्याहून पातळ निघतो.

तुम्ही वरच्या साहेबांना सांगता. तेही काही करू शकत नाहीत, कारण नौदलाला चालती जहाजं सांभाळायची आहेत. राज्य सरकार संग्रहालय कायमचं चालवायला भागीदार शोधतंय. वर्तमानपत्रात कधी इतके कोटी येतात, कधी तितके, कधी ऑयस्टर रॉकजवळ ती कायमची बसवण्याची योजना येते. संध्याकाळी वसाहतीत तुम्ही हे वाचून दाखवता. निवृत्त रंगारी विचारतो, “आणि रंग कोण काढणार?” या प्रश्नाला उत्तर द्यायचं काम त्या बातमीतल्या कुणाकडेच नसतं.

२०१२ मध्ये जहाज लोकांसाठी धोकादायक ठरवून संग्रहालय बंद होतं. मग लिलाव, ६० कोटी. जनहित याचिका होते, जानेवारी २०१४ मध्ये उच्च न्यायालय ती फेटाळतं, सर्वोच्च न्यायालय काही काळ तोडकामाला स्थगिती देतं आणि ऑगस्टमध्ये परवानगी. त्याआधीच, २८ मे रोजी, टग तिला ओढत दारूखान्याच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्याकडे नेतात.

नोव्हेंबर २०१४. घाटकोपरहून कुर्ला, तिथे हार्बर लाइन, रे रोडला उतरून तुम्ही बंदराच्या चिखलात येता. आता तुमच्या हातात गॅस कटरचा पाइप आहे. कटर चालवणारा पुढे, तुम्ही पाइप ओढत मागे. ज्योत पत्र्यात शिरते, ठिणग्या उडतात, एक तुकडा सुटून खाली कोसळतो. तो थंड झाल्यावर तुम्ही त्याच्या कडेकडे बघता. रंगाचे थर मोजता येतात. राखाडी, लाल, राखाडी, लाल, पुन्हा राखाडी. प्रत्येक थरामागे कुणाची तरी पाळी भरलेली आहे. आतल्या एखाद्या लाल रेघेत कदाचित तुमचा १९६५ चा हातही असेल. कटरवाला हाक मारतो, “अरे, पाइप सोड पुढे!” आणि तुम्ही पुढे सोडता.

दोन वर्षांनी लालबहादूर शास्त्री मार्गावर मुलुंडच्या सिग्नलला तुमच्या शेजारी एक मोटरसायकल थांबते. बजाजने विक्रांतचं पोलाद वापरून काढलेली व्ही १५. पोराने ती लखलखीत ठेवली आहे. आपल्या वस्तूला माणूस रोज फडकं मारतो, हे तुम्हाला तेव्हा लख्ख दिसतं. विक्रांत सगळ्यांची होती.

आता रेल्वेने लांब जायचंय, विशाखापट्टणमला. रामकृष्ण बीचवर ‘कुरसुरा’ उभी आहे. सोव्हिएत बनावटीची पाणबुडी, १९६९ च्या डिसेंबरात नौदलात दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्त घातलेली. २७ फेब्रुवारी २००१ ला ती निवृत्त झाली आणि दीड वर्षात, ऑगस्ट २००२ मध्ये, किनाऱ्यावर ओढून घेऊन संग्रहालय म्हणून खुली झाली. ज्या वर्षांत विक्रांतसाठी भागीदार शोधणं चालू होतं, त्याच वर्षांत.

पर्यटक यायच्या आधी तुम्हाला ब्रासोचा डबा आणि जुना गंजीफ्रॉक मिळतो. ९१ मीटर लांबीच्या नळीत सात कप्पे, एकातून दुसऱ्यात जायला गोल भोक. पहिल्या कप्प्यात टॉर्पेडो नळ्यांची पितळी झाकणं. ती पुसत तुम्ही मागे सरकता. व्हॉल्व्ह, काटे, बंकांच्या कडा. सोबतचा निवृत्त नौसैनिक आयुष्यभर अशाच पाणबुड्यांत राबलाय. दिवसभर तो गाइड आहे, सकाळी तो झाडूवाला, रंगारी आणि इलेक्ट्रिशियनही आहे. कुठला बल्ब उडालाय ते त्याला दिव्याकडे न बघता कळतं. पर्यटकांना तो टॉर्पेडोचं सांगेल. तुम्हाला तो सांगतो, “समुद्राकडची बाजू आधी गंजते. तिकडून सुरुवात करायची.”

न्याय करायचा तर पूर्ण करू. कुरसुरा दोन हजार टनांच्या आसपासची, विक्रांत पूर्ण भारासह साडेएकोणीस हजारांची. कुरसुरा वाळूवर आहे, विक्रांत शेवटपर्यंत पाण्यात होती. मूठभर माणसांनी विक्रांत सावरली असती, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पैसा लागलाच असता, भरपूर. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर दुसऱ्या महायुद्धातली ‘पाम्पॅनिटो’ पाणबुडी आजही पाण्यात आहे. तिच्यावर स्वयंसेवक येतात, जुनी यंत्रं खोलतात, साफ करतात, डिझेल इंजिनं चालवून दाखवतात. तिथेही पैसा लागतोच आणि तो उभा राहायला ही माणसं कामाला येतात. चालतं इंजिन बघायला लोक तिकीट काढतात. बंद दाराला देणगी मिळत नाही.

आपल्याकडे माणसं नव्हती का? कांजूरमार्ग, घाटकोपर, मुलुंडच्या जिन्याजिन्यांत होती. विक्रांतचा नकाशा ज्यांच्या बोटांत होता अशी माणसं सकाळी बागेत फेऱ्या मारत होती. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस एक दार, एक हजेरीपट आणि चहा, एवढं कुणी मांडलं असतं, तर जहाज किती टिकलं असतं हे सांगता येत नाही. पण पत्रा पातळ होतोय हे दहा वर्षं आधी गावभर झालं असतं.

शेवटचा थांबा मालवणच्या दक्षिणेला, निवती रॉकजवळ. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुसरी विमानवाहू नौका ‘विराट’ इथे ८५२ कोटींचं संग्रहालय म्हणून ठेवायचं मंजूर केलं. सप्टेंबर २०२० मध्ये विराट मुंबईहून ओढत अलंगच्या जहाजतोडणी यार्डात नेली आणि तोडली. आता याच परिसरासाठी योजना आहे ती ‘गुलदार’ ही निवृत्त नौका समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची. बुडवलेल्या जहाजाला गंज चालतो, त्यावर प्रवाळ धरतं, मासे येतात. कल्पना वाईट नाही. तुम्हाला तिथेही काम आहे. जहाज तळाला जाण्याआधी टाक्यांतलं तेल, केबल, प्लास्टिक, धारदार कडा सगळं काढायला लागतं आणि ते हातांनीच काढायला लागतं. फरक इतकाच की हे काम एकदाच करायचं असतं.

प्रवास इथे संपतो. नौदलाची जहाजं मात्र निवृत्त होत राहतील आणि संग्रहालयाच्या घोषणाही होतील. पुढची बातमी वाचाल तेव्हा कोटींचा आकडा बाजूला ठेवा आणि रंगकामाला रोज किती माणसं, हा रकाना शोधा. तो नसेल, तर दारूखान्यातला भाव विचारून ठेवायला हरकत नाही.