प्रतिकृतीचे वय

काशीसमोर, गंगेच्या पैलतीरावर, रामनगरचा किल्ला उभा आहे. अठराव्या शतकात राजा बलवंतसिंह यांनी तो चुनारच्या वालुकाश्मात बांधला. त्या किल्ल्यातील संग्रहालयात राजघराण्याची जुनी वाहने मांडलेली आहेत. त्यांत पालख्या आहेत, हत्तीवरच्या अंबाऱ्या आहेत आणि पुढच्या काळातील मोटारीही आहेत. समजा, यांपैकी एखाद्या वाहनाचे मोजमाप घेऊन एका कुशल कारागिराने आज तंतोतंत तसेच दुसरे वाहन घडविले. घाट तोच, लांबी-रुंदी तीच, रंगही तोच. तर या नव्या वाहनाची गणना जुन्यांत करावी काय?

प्रश्न वरवर हौशी संग्राहकांचा वाटतो. परंतु कायद्यालाही त्याचे उत्तर द्यावे लागले आहे. जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी भारत सरकारने २०२१ साली नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेला असावा आणि वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, त्याचा सांगाडा, बाह्यांग व यंत्र यांत भरीव फेरफार झालेला नसावा, अशा त्यातील अटी आहेत. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शिल्पे, चित्रे आदी वस्तूंना १०० वर्षांची मर्यादा घातली, तर शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्‌मयीन मोलाच्या हस्तलिखितांना ७५ वर्षांची. यांपैकी कोठेही केवळ रूपसाम्याला थारा नाही. नवी प्रतिकृती कितीही हुबेहूब असली, तरी तिचा जन्म आजचा आणि म्हणून तिचे वयही आजचेच.

हे उत्तर स्वच्छ आहे. पण ते पुरेसे आहे काय? भारतीय मनाला ते सहजी पटत नाही, आणि त्याचे कारण काशीतच सापडते. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर बांधविले, ते १७८० साली. म्हणजे इमारत अठराव्या शतकातील आहे. तरी तेथे येणारा यात्रेकरू आपण अडीचशे वर्षांपूर्वीच्या वास्तूत उभे आहोत असे मानीत नाही. तो एका अतिप्राचीन क्षेत्री उभा असतो. आपल्या परंपरेने जीर्णोद्धाराला नवनिर्मितीहूनही अधिक पुण्यप्रद मानले, यातील अर्थ हाच. दगड झिजतो, तुळई कुजते, पण स्थान व उपासना टिकून राहते. जपानातील इसे येथील देवालय तर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा उभारले जाते, आणि तरीही ते जपानी लोकांच्या दृष्टीने पुरातनच असते. तेव्हा पुरातनत्व हे निव्वळ द्रव्यात नसते, असे म्हणणाऱ्याच्या बाजूला मोठी परंपरा उभी आहे.

या दोन मतांची कसोटी पाहावयाची, तर काशीच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर असलेल्या सारनाथास जावे. मूळ आणि प्रतिकृती यांचा एवढा बोलका सहवास अन्यत्र क्वचितच आढळेल.

सारनाथच्या भग्नावशेषांत एका मोठ्या मंदिराचे जोते आहे. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने येथील सुमारे २०० फूट उंचीच्या विहाराचे वर्णन केले. ते याच वास्तूचे असावे असे अभ्यासक मानतात. मूलगंधकुटी, म्हणजे भगवान बुद्धांची निवासकुटी, हे नाव शिलालेखांतून मिळते. या अवशेषांपासून जवळच, त्याच नावाचा एक विहार अखंड उभा आहे. अनागारिक धर्मपाल यांच्या प्रयत्नाने महाबोधी सोसायटीने तो बांधला आणि नोव्हेंबर १९३१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आतील भिंतींवर कोसेत्सु नोसु या जपानी चित्रकाराने पुढच्या काही वर्षांत बुद्धचरित्र रंगविले. नाव जुने, शिखराची धाटणी जुनी, हेतूही जुनाच. परंतु भिंती विसाव्या शतकातील, आणि ते कोणी लपविलेले नाही. येथे प्राचीन बुद्धधातूही जतन केलेले आहेत. जवळच बोधिवृक्ष आहे. त्याचे रोप श्रीलंकेतील अनुराधपूरच्या वृक्षापासून आणून १९३१ साली लावले. अनुराधपूरचा वृक्षही परंपरेनुसार अशोककन्या संघमित्रेने बोधगयेहून नेलेल्या फांदीपासून वाढलेला. रोप नवे, वंश जुना. यास कोणी नक्कल म्हणणार नाही.

मग जुन्या जोत्यापुढे या विहाराचे स्थान कोणते? तो उपासनेचा वारस आहे. पण जोत्याची जागा त्याला घेता येत नाही. गुप्तकाळी विटा कशा भाजीत, चुना कसा मळीत, भिंत किती रुंद धरीत, आग लागली तेव्हा कोणता थर जळाला, या प्रश्नांची उत्तरे १९३१ ची भिंत देऊ शकत नाही. जुनी वस्तू ही साक्षीदार असते. साक्षीदारासारखाच चेहरा असलेला दुसरा मनुष्य न्यायासनापुढे उभा केला, तर त्याला पाहिलेले काहीच सांगता येणार नाही.

हा भेद विसरला की काय घडते, तेही सारनाथनेच पाहिले आहे. १७९४ साली बनारसच्या बाबू जगतसिंह यांनी बाजाराच्या बांधकामासाठी येथील धर्मराजिक स्तूपाच्या विटा काढून नेल्या. त्या कामात दगडी पेटीतील धातुमंजूषा सापडली आणि आतील अस्थी गंगेत विसर्जित करण्यात आल्या. विसर्जन करणाऱ्यांच्या मनात अनादर नव्हता. अस्थींना गंगा मिळावी ही काशीची सद्भावनाच होती. जोनाथन डंकन यांनी या शोधाची हकिगत लिहिली, त्यातूनच विद्वानांचे लक्ष या स्थळाकडे वळले, हेही खरे. परंतु अशोककाळापासून वेळोवेळी वाढविलेला तो स्तूप पायथ्यापुरता उरला. वीट ही वीटच, एक गेली तर दुसरी भाजता येईल, या साध्या समजुतीपायी दोन हजार वर्षांचा पुरावा बाजाराच्या भिंतींत गेला.

याच ठिकाणी १९०५ साली ओर्टेल यांच्या उत्खननात अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष निघाले. सुमारे सात फूट उंचीचे हे शिल्प आज सारनाथच्या संग्रहालयात आहे. त्याचा दगडही चुनारच्याच खाणींतला, रामनगरच्या किल्ल्याला लागला तोच. दगडाचे भूगर्भातील वय पाहिले, तर किल्ला आणि स्तंभ सारखेच पुरातन ठरतील! म्हणजे जुनेपण द्रव्याच्या वयातही नाही आणि रूपातही नाही. त्या द्रव्यावर मनुष्याचा हात कधी फिरला आणि त्यानंतर काळाने त्यावर काय लिहिले, यात ते आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी हे सिंहशीर्ष भारताचे राजचिन्ह झाले. नाण्यानोटांपासून सरकारी लिफाफ्यापर्यंत त्याच्या अगणित प्रतिकृती घरोघरी पोहोचल्या. मूळ शिल्पात सिंहांच्या मस्तकांवर ३२ आऱ्यांचे धर्मचक्र होते. ते भंगलेले, तुकड्यांच्या रूपात सापडले. राजचिन्हात ते वरचे चक्र नाही. जे होते त्याची कल्पना न करता, जे उरले तेच राष्ट्राने प्रमाण मानले. पुढे नव्या संसद भवनावर साडेसहा मीटर उंचीचे, ९,५०० किलो वजनाचे कांस्यचिन्ह बसविण्यात आले आणि जुलै २०२२ मध्ये त्याचे अनावरण झाले. तेव्हा सिंहांची मुद्रा मुळासारखी सौम्य आहे की उग्र, यावरून देशभर वाद झाला. वादात कोणाचे खरे होते हा प्रश्न वेगळा. परंतु निवाड्यासाठी दोन्ही पक्षांना सारनाथच्या त्या भग्न पाषाणाकडेच बोट दाखवावे लागले. मूळ शिल्लक नसते, तर वाद कोणत्या आधाराने मिटला असता?

महाराष्ट्राला याचे आणखी जवळचे उदाहरण ठाऊक आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप सांचीच्या धर्तीचा आहे; तो २००१ साली पूर्ण झाला. सांचीचा स्तूप भरीव, तर नागपूरचा आतून पोकळ, कारण तेथे जनसमुदायाने एकत्र बसावयाचे आहे. त्याला सांचीइतका जुना म्हणण्याची कोणाला गरज भासत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाची स्मृती तो वाहतो, आणि ही थोरवी सांचीकडून उसनी आणलेली नाही.

तेव्हा रामनगरच्या काठावर निघालेल्या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. नवी प्रतिकृती जुनी नव्हे, आणि तिला जुनी म्हणणे हा मुळावरचा अन्याय आहे. कारण नक्कल मुळाच्या बरोबरीची ठरली की मूळ जपण्याचे प्रयोजन उरत नाही. परंतु प्रतिकृती म्हणून खोटी ठरत नाही. आपल्या जन्माचे वर्ष प्रामाणिकपणे सांगणारी प्रतिकृती कारागिराची विद्या जिवंत ठेवते, उपासनेला छप्पर देते आणि मुळावर पडणारा वापराचा भार हलका करते. खोटेपणा सुरू होतो तो वर्ष पुसले जाते तेव्हा.

आणि काळ तिलाही वंचित ठेवीत नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यातही १०० वर्षांचीच मर्यादा आहे. सारनाथचा नवा मूलगंधकुटी विहार २०३१ साली ती ओलांडील. त्या दिवशी त्याला जुना म्हणता येईल. मात्र ते गुप्तकालीन मंदिराची छाया म्हणून नव्हे, तर १९३१ सालच्या श्रद्धेचा आणि श्रमाचा साक्षीदार म्हणून.