फोटो पुढे ठेवून विचारा

सहली-शिबिरांतून किशोरवयीन मुलांना काय मिळालं, हे शोधताना मुलाखतीत फोटोंचा आधार घेऊ नये, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचा पूर्वपक्ष असा: मुलं पोज देतात, नकोसं ते वगळतात, अशा चित्रांपेक्षा प्रश्नावली विश्वासार्ह.

हा आक्षेप फोटोला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो. मुलाखतीत फोटो येतो तो बोलणं सुरू करून देण्यासाठी. जॉन कॉलियर यांनी कॅनडातल्या पाहणीत फोटोसह आणि फोटोविना घेतलेल्या मुलाखती ताडून पाहिल्या. १९५७च्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की, फोटो समोर असले की आठवणी नेमक्या होतात आणि माणसं लवकर कंटाळत नाहीत. १९९०च्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातल्या खेड्यांतल्या बायकांच्या हातीच कॅमेरे दिले. काय दाखवायचं हे बायकांनीच ठरवलं.

पोलाद कारखान्याच्या भिलाईचं उदाहरण पाहू. समजा, टाउनशिपमधल्या नववीच्या मुलांना दल्ली-राजहराच्या लोहखनिजाच्या खाणी दाखवायला नेलं. ‘सहल आवडली का?’ या प्रश्नाला उत्तर ‘हो’ येणार. त्यातून काय कळलं? पण एखादीने डोंगर सोडून लाल धुळीने माखलेल्या स्वतःच्या बुटांचा फोटो काढला असेल, तर ‘हाच का?’ एवढं विचारावं आणि गप्प बसावं. बाबा ज्या पोलाद कारखान्यात जातात, तिथलं लोखंड या मातीतून येतं, हे तिला तिथे उमगलं असेल. किंवा पाय दुखत होते, एवढंच असेल. दोन्ही उत्तरं प्रश्नावलीच्या चौकटीत मावत नाहीत. पोजचंही तसंच: मित्रांना काय दाखवावंसं वाटलं, हेही त्या अनुभवातच मोडतं.

कारखान्याच्या आत तर फोटोला मनाई असते. तिथे विचारता येतं, ‘परवानगी असती तर कशाचा काढला असतास?’ न काढलेल्या फोटोवरही मुलं भरभरून बोलू शकतात.

कॅमेऱ्यामुळे पाहणंच राहून जातं, हा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. म्हणून फोटोंची संख्या आधीच ठरवून द्यावी. खाणकामगारांचे किंवा गावकऱ्यांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय टिपू नयेत. यात सवलत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. त्या दिवसांचे ग्रुपफोटो अहवालाला चिकटवणाऱ्या शिक्षकांना विनंती: एकदा मुलांनी काढलेले फोटो त्यांच्याच पुढे ठेवा आणि त्यांचं ऐका.